मास्तरांच्या तोंडचा आवाज

३ फेब्रुवारी १९७१, रोम

हो म्हणाले! चक्क हो म्हणाले मी, आणि वर दात काढून हसलेसुद्धा.

पाल्लावेरासाहेबांनी आज त्यांच्या ऑफिसात माझा जोडून झालेला सिनेमा पाहिला. पैसे त्यांचे, तेव्हा पहिला मानही त्यांचा. सुरुवातीला छान हसत होते, पोट धरून. मग मेदार्दोमास्तर पडद्यावर आले, ट्रकच्या फळीवर बसून त्यांनी पहिलं वाक्य टाकलं — आणि साहेबांनी तोंडातला सिगार काढला.

"हा काय आवाज आहे? गंजलेलं बिजागर बरं!"

मी म्हटलं, साहेब, हा कच्चा आवाज. शूटिंगच्या वेळी नुसता खुणेपुरता घेतलेला. डबिंगला मास्तर स्वतः येऊन नीट बोलतील.

"नीट काय बोलणार कपाळ! घसा घोगरा, त्यात कवळी शिट्ट्या मारतेय, त्यात तुमचं ते मान्तोवाकडचं हेल काढून बोलणं. नेपल्सचा माणूस तिकीट काढून हे ऐकेल? त्या डबिंगवाल्या वेत्सानीचा आवाज घाला त्यांच्या तोंडी. सगळेच घालतात, बाईसाहेब."

सगळेच घालतात हे खरं. आपल्याकडे तोंड एकाचं, आवाज दुसऱ्याचा, आणि लोकांना पत्ता नाही. मला म्हणायचं होतं, अहो, या माणसाने मला उभं केलं. ते ओठांवर आलं होतं. तेवढ्यात साहेब म्हणाले, "बाईने काढलेला सिनेमा म्हणून थिएटरवाले आधीच नाक मुरडतायत. तुम्ही अडून बसलात तर मी दुसरा दिग्दर्शक बसवतो शेवटच्या कामाला." आणि मी म्हणाले, "हो हो, बरोबर आहे तुमचं."

इतक्या पटकन! थोडं तरी भांडायचं होतंस गं इओले.

४ फेब्रुवारी

दिवसभर कशात लक्ष नाही. भाजीवाल्याच्या पोरीने मला बघून कोंबडीसारखं "कॉक कॉक" केलं. टीव्हीवरचं माझं कोंबडीचं गाणं पोराटोरांच्या तोंडी बसलंय. एरवी मीही उलट आरवते. आज तिला नुसती "हं" म्हणाले. बिचारी हिरमुसली.

ते गाणं तरी कोणामुळे? सतराव्या वर्षी मी मास्तरांच्या फिरत्या कंपनीत शिरले ती एका नाचणारीचा पाय मुरगळला म्हणून. मला नाचता येत नव्हतं. गाताना ताल चुकायचा, मी दर वेळी उशिरा उचलायचे. बाकीचे म्हणाले, हाकला हिला. मास्तर म्हणाले, "थांबा, पोरगी चुकते तेव्हा लोक हसतात. हिला आता मुद्दाम चुकायला शिकवू." वर्षभर शिकवलं. "हशा येईपर्यंत थांब. आला की उगाच पुढे पळू नकोस, तो खाली बसू दे." आज अख्खा देश ज्याला माझी खासियत म्हणतो ती ही!

आणि ते पैसेही नीट देत होते, आणि कधी खोलीचं दार वाजवलं नाही. त्या काळात, त्या धंद्यात. हेही लिहून ठेवते.

८ फेब्रुवारी

मास्तरांचा फोन. आवाज खरंच बसलेला. पण उत्साह बघा!

"पोरी, माझा डबिंगचा नंबर कधी? बायकोच्या हुकमाने मी सिगारेट सोडली. झाइरा सकाळ-संध्याकाळ मधात पानं उकळून पाजतेय, बकऱ्यासारखी माझी गत केलीय. कवळीसुद्धा नवीन करून घेतली. ऐक — सासूने सुसानाला सशाचं सार... आली का शिट्टी?"

आली होती. मी म्हटलं, "अजिबात नाही, मास्तर!"

"मग बोलाव लवकर."

"अजून तारखा ठरल्या नाहीत हो. हॉल रिकामा मिळत नाहीये."

हॉल परवापासून आपलाच आहे. माझी जीभ झडत कशी नाही?

१० फेब्रुवारी

वेत्सानी आले. निळा कोट, सेंटचा घमघमाट, आणि तो आवाज! घोड्यावरचे, विमानातले, बायकांना मिठीत घेणारे सगळे अमेरिकन हिरो आपल्याकडे याच्याच घशातून बोलतात. माझ्याशी अगदी सभ्य. "बाई, म्हाताऱ्याचा करू की नुसता थकलेला करू?"

मी म्हटलं, थकलेला नको, त्यांना थकलेलं आवडत नाही.

अंधारात पडद्यावर मास्तरांचं तोंड हलत होतं. तो सुरकुतलेला खालचा ओठ, बोलायच्या आधी एकदा चाटायची सवय. आणि त्यातून लोण्यासारखा गुळगुळीत आवाज बाहेर पडला. इल्व्हा, माझी एडिटर, माझ्या शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी पडद्याकडे पाहिलं.

सगळ्यात वाईट म्हणजे काम छान झालं. गाढवाच्या प्रसंगात तर मी हसले! खळखळून हसले. मग आठवलं मी कशाला हसतेय.

११ फेब्रुवारी

इल्व्हा सरळ तोंडावर बोलते. "म्हाताऱ्याला सांगितलंस का?"

"सांगेन."

"कधी? थिएटरात बसल्यावर?"

"अगं, सगळ्यांचंच करतात. ते समजून घेतील."

"मग सांगायला जड का जातंय?"

हिला कामावरून काढून टाकावं असं वाटलं. पण ती नसती तर या सिनेमाला शेंडा-बुडखा राहिला नसता.

१२ फेब्रुवारी

का जड जातंय ते फक्त इथे लिहिते.

माझा पहिला सिनेमा. मी मोलकरीण. दार उघडायचं, "साहेब घरी नाहीत" म्हणायचं, शेवटी सूप सांडून रडायचं. मान्तोवात लागला तेव्हा आई शेजारपाजारच्या सगळ्या बायकांना घेऊन आली, डोक्याला रुमाल, अंगावर लग्नातला कोट. मी दार उघडलं आणि माझ्या तोंडातून एक नाजूक, रोमच्या शहाण्या मुलीचा आवाज आला. मला कोणी सांगितलंच नव्हतं. आईने माझा हात घट्ट धरला. बाहेर आल्यावर बायकांसमोर म्हणाली, "त्या दिवशी हिचा घसा बसला होता." घरी गेल्यावर विचारलं, "तुझा आवाज वाईट आहे का गं? मला तर कधी वाटलं नाही."

त्यानंतर कितीतरी वर्षं मी मोलकरणीच केल्या, नाक मोठं म्हणून. पण माझ्या मोलकरणी माझ्याच आवाजात बोलतील असं प्रत्येक वेळी भांडून लिहून घेतलं. लोक म्हणायचे, काय भांडकुदळ बाई आहे! होतेच. स्वतःसाठी होते.

म्हणजे नेमकं काय वाटतं ते मला ठाऊक आहे. नकळत केलं असं म्हणायलाही जागा नाही.

१७ फेब्रुवारी

मास्तरांना पत्र लिहायला बसले. "प्रिय मास्तर, आपल्या धंद्यात..." फाडलं. "प्रिय मास्तर, तुम्हाला हसू येईल, पण..." फाडलं. त्यांना हसू का येईल?

२५ फेब्रुवारी

आज जे केलं ते कुत्रंही करणार नाही.

हॉलच्या जिन्यातल्या खिडकीतून सहज खाली पाहिलं तर समोरच्या बारच्या दारात मास्तर! उंटाच्या रंगाचा तो जुना कोट, डोक्यावर हॅट, हातात दोरीने बांधलेला पुडा. मान्तोवाहून एकटे आलेले, गाडी बदलत, या वयात. बारवाल्याला काहीतरी विचारत होते आणि तो बोटाने आमचं दार दाखवत होता.

आत वेत्सानी शेवटच्या प्रसंगावर होते. दार उघडं असतं तर बाहेरपर्यंत ऐकू आलं असतं. मी धावले — खाली नाही, वर! इल्व्हाला म्हटलं, सांग मी मिलानला गेलेय, टीव्हीच्या कामाला. ती म्हणाली, "मी नाही खोटं बोलणार." मी तिच्या हातापाया पडले. आणि स्वतः बायकांच्या संडासात जाऊन कडी लावली. बसले, वर पायही उचलून घेतले, जणू मास्तर खालून वाकून बघणार होते! पडद्यावर हे केलं असतं तर काय हशा आला असता.

बराच वेळ बसले. पायाला मुंग्या आल्या. इल्व्हाने येऊन दार ठोठावलं. "ये बाहेर. गेले."

"काय म्हणाले?"

"धड बोलताच येत नव्हतं. कुजबुजत होते. तुलाच भेटायचं होतं. म्हणाले, महत्त्वाचं आहे, पण पोरीला घाबरवू नका, मी पुन्हा बघेन. बाकावर बसून राहिले. थंडी होती म्हणून मी कॉफी दिली. मग परतीच्या गाडीला गेले." आणि तिने पुडा माझ्या हातात आदळला.

झाइराबाईंचा बदामाचा केक. तो सुरीने कापत नाहीत, हाताने मोडून खातात. कंपनीत असताना त्याचा शेवटचा भुगा मिळावा म्हणून आम्ही भांडायचो. मी तसाच ठेवलाय. घशाखाली उतरणार नाही.

स्वतःचा नंबर कधी, हे विचारायला आले असणार. घसा बसेपर्यंत तालीम केली असेल त्या माणसाने!

२६ फेब्रुवारी

केक इल्व्हाने आणि आवाजवाल्या पोरांनी संपवला. मला विचारलंही नाही.

५ मार्च

मास्तरांचा फोन नाही. आधी दर आठवड्याला यायचा. खरं सांगू? फोन वाजला नाही की मला बरं वाटतं. संध्याकाळी त्या बरं वाटण्याचीच लाज वाटते.

१२ मार्च

मेले! एका साप्ताहिकात छापून आलंय. वेत्सानींचा फोटो, टाय सैल केलेला, आणि खाली: 'इओले बेर्ताझ्झोनीच्या पहिल्या सिनेमात ज्येष्ठ विनोदवीर मेदार्दो फोर्नासारी यांना आवाज दिला आहे...' हे साप्ताहिक मान्तोवातल्या प्रत्येक न्हाव्याकडे येतं. मास्तर दर शनिवारी न्हाव्याकडे बसतात, दाढी असो नसो.

पाल्लावेरासाहेब खूश. फुकटात जाहिरात झाली म्हणतात.

१५ मार्च

झाइराबाईंचा फोन. मास्तरांचा नाही — बाईंचा. चाळीस वर्षं त्या माणसाचे कपडे शिवले, त्याच्या विनोदांना विंगेत उभं राहून हसल्या.

"आम्ही वाचलं गं, इओले."

मी म्हटलं, "बाई, मी सांगणारच होते..."

"अगं ऐक तर. तो वाचून नुसता हसला. मग कितीतरी वेळ खिडकीत बसून होता. मला म्हणाला..."

आणि मी, मी काय करावं? "बाई, दारावर कोणीतरी आलंय, मी नंतर करते!" म्हणून फोन ठेवला. दारावर कोणी नव्हतं. मास्तर काय म्हणाले ते ऐकायची माझी छाती नव्हती. खिडकीत बसून होता, एवढंच पुरे झालं मला.

मी नंतर केला नाही.

२ एप्रिल

सिनेमा तयार. पेपरवाल्यांना दाखवला. हसले, टाळ्या वाजवल्या. एका दाढीवाल्याने मला विचारलं, "कॅमेरा कुठे ठेवायचा हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "माझ्या मोलकरणीने." सगळे हसले. तोही हसला, मूर्ख!

दुसरा म्हणाला, "फोर्नासारींचं काम म्हणजे कमाल. काय तो आवाज!" मला वाटलं धरणी दुभंगावी.

पहिला खेळ सतरा तारखेला मान्तोवात लावायचा ठरलाय. मीच कधीकाळी पाल्लावेरांकडे हट्ट धरला होता, माझ्या गावात, मास्तरांच्या गावात लावा म्हणून. आता नको म्हणायला कारण काय देऊ?

९ एप्रिल

ठरवलं. मान्तोवाला गेल्यावर आधी मास्तरांच्या घरी जायचं. पायाशी बसायचं. सगळं सांगायचं, पाल्लावेरांनी धमकी दिली तेही, संडासात लपले तेही. शिव्या देतील, देऊ देत. मग थिएटरात यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

हे लिहून जरा मोकळं वाटलं.

१८ एप्रिल, मान्तोवा

काल रात्रीचं आज सकाळी लिहितेय.

मास्तरांच्या घरी गेले नाही. गाडी उशिरा आली हे कारण खरं आहे, पण टॅक्सीने गेले असते तर पोचले असते. मी केस करायला बसले.

थिएटरच्या दारात भेटले. काळा सूट, गळ्याला पांढरा रेशमी मफलर गच्च गुंडाळलेला, वजन उतरलेलं. मला जवळ घेतलं, दोन्ही गालांचे मुके घेतले. पण एक शब्द नाही! झाइराबाई म्हणाल्या, "आज त्याला बोलायला लावू नकोस हं." म्हटलं, झालं. अबोला धरलाय. शिव्या परवडल्या असत्या.

अंधार झाला. मास्तर पहिल्या रांगेत, मी त्यांच्या मागे. सगळं गाव जमलेलं, त्यांच्याबरोबर पत्ते खेळणारे, मासे विकणारे, सगळे. पडद्यावर मास्तर फळीवर बसले, ओठ चाटला, आणि वेत्सानी बोलले. मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "अरे, हा आपला मेदार्दो की कोण बिशप बोलतोय?" हशा! मी मास्तरांच्या मानेकडे बघत होते. मान हलली नाही. पुढच्या प्रसंगांत लोक विसरले आणि नुसतेच हसत राहिले. पण मी सिनेमा पाहिलाच नाही, ती मान पाहिली.

दिवे लागले. टाळ्या, टाळ्या! "मेदार्दो! मेदार्दो! दोन शब्द बोला!" मास्तरांनी हातानेच नको म्हटलं. लोक कसले ऐकतायत. दोघांनी धरून वर चढवलं, मायक्रोफोन हातात दिला. मलाही वर ढकललं.

मास्तर मायक्रोफोनपुढे उभे राहिले. ओठ चाटला. तोंड उघडलं, आणि भाषण सुरू केलं. आवाज नाही! नुसते ओठ. हातवारे, भुवया, मध्येच कोणालातरी दम, मध्येच छातीवर हात. सगळं भाषण, आवाजाशिवाय. लोकांना वाटलं मायक्रोफोन बिघडला. मग त्यांनी मायक्रोफोन हलवून पाहिला, कानाशी धरला, त्याची नाडी बघितली, आणि झटकन वळून माझ्याकडे बोट केलं. आता तू बोल! आणि पुन्हा ओठ हलवायला लागले.

थिएटर कोसळायचं बाकी राहिलं होतं. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. काय अफलातून विनोद! डबिंगची खिल्ली! मला एकटीलाच कळलं ते मला सगळ्यांदेखत काय म्हणतायत. घेतलास ना माझा आवाज? मग दे आता आवाज!

पळायला जागा नव्हती. आणि मी त्यांच्या हेलात, त्यांच्या घोगऱ्या सुरात, कवळीच्या शिट्टीसकट बोलायला लागले. ओठ त्यांचे, आवाज माझा. त्यांनी ओठ थांबवले की मी थांबायचे. पहिली दोन-चार वाक्यं अशीच, गावकऱ्यांनो, उपकार आहेत, वगैरे. मग काय झालं कळलं नाही, तोंडातून निघूनच गेलं —

"मंडळी, सिनेमात ऐकलात तो आवाज माझा नव्हता! माझा आवाज या पोरीने काढून टाकला. मला विचारलं नाही. माझी लाज वाटली तिला. मी रोमला भेटायला गेलो तेव्हा ही संडासात लपून बसली!"

इतका हशा मी जन्मात ऐकला नाही. माणसं डोळे पुसत होती. मी खरं खरं सांगतेय आणि हे हसतायत!

फक्त मास्तरांचे ओठ थांबले. एक क्षणभर. माझ्याकडे पाहिलं, कपाळाला आठी. मग तो हशा खाली बसेपर्यंत थांबले, आणि झुकून असा नमस्कार केला की अख्खं थिएटर उभं राहिलं. खाली उतरताना माझ्या गालावर हलकेच थोपटलं. थोपटलं की चापट मारली? अजून ठरवता येत नाहीये.

झाइराबाई त्यांना हाताला धरून लगेच घेऊन गेल्या. जेवायला थांबले नाहीत.

पण मी बोलले. अखेर बोलले! लाज वाटतेय, अंग जळतंय, तरी छातीवरचं ओझं उतरलंय. त्यांनी मला बोलायला लावलं. मास्तरच ते, अजून शिकवतायत.

१९ एप्रिल, रोम

झाइराबाईंचा फोन. आज पूर्ण ऐकला.

मास्तरांच्या घशात गाठ आहे. शूटिंगमध्ये घोगरेपणा होता तो त्या गाठीमुळेच. गुरुवारी ऑपरेशन, आवाजाची नळीच काढणार. मार्चअखेरपासून त्यांना बोलताच येत नाहीये. त्या दिवशी रोमला आले होते ते मला हेच सांगायला — "पोरी, माझ्याच्याने होणार नाही, कोणाचा तरी चांगला आवाज घाल, वाईट वाटून घेऊ नकोस." मी भेटले नाही. मग त्यांनी साप्ताहिक वाचलं. "इतका खूश झाला गं! म्हणाला, बघ, न सांगता पोरीला कळलं. माझी लाज राखली तिने. कितीदा तरी तेच बोलून दाखवत होता."

मी फोन घेऊन खाली जमिनीवर बसले.

"पण इओले, परवापासून एकच गोष्ट कागदावर लिहून मला दाखवतोय. स्टेजवर तू म्हणालीस ना, माझी लाज वाटली तिला, लपून बसली... तो विचारतोय, ते विनोदात होतं ना?"

मी म्हणाले, "हो बाई. विनोदच होता."

"मी तेच सांगत होते त्याला," बाई म्हणाल्या. "थांब, इथेच बसलाय, त्याला सांगते."